वांकिडीचा श्रोता आणि पक्षप्रचाराचे प्रसारण : एक ऐतिहासिक टिपण

वांकिडी हे आसिफाबाद परिसरातील गाव तेलंगणाच्या अगदी उत्तर टोकाला असून तेथून राजुऱ्याची हद्द जवळच आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा भाग २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. १९५६ पर्यंत राजुरा तालुकासुद्धा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेने तो अलीकडे गेला, वांकिडी मात्र पलीकडेच राहिली. नातीगोती आणि बोली आधी होत्या तशाच राहिल्या. ज्या बाजूची आकाशवाणी ऐकायची त्या बाजूला मत देता येत नाही आणि जिथे मत द्यायचे तिथले प्रसारण मुख्यतः तेलुगूतून, अशी स्थिती या पट्ट्यातील मराठी श्रोत्याच्या वाट्याला आली. निवडणूक काळात राजकीय पक्षांनी नभोवाणी व दूरदर्शनवर काय आणि किती बोलावे, याच्या नियमांचा इतिहास पाहताना ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

निजाम राजवटीत हैदराबादची डेक्कन रेडिओ ही सरकारी यंत्रणा होती. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमही तेथून होत असत. विरोधी मताला तिथे जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धबंदीची घोषणा केली तीही याच रेडिओवरून. १९५० मध्ये हे केंद्र आकाशवाणीत सामील झाले. मालक बदलला, तरी ध्वनिक्षेपक सरकारच्याच ताब्यात राहिला, हे नमूद केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीतच तिन्ही प्रमुख पक्षांच्या नेत्यांना नभोवाणीवर बोलण्याची संधी मिळाली होती. आपल्याकडे तसे व्हायला आणखी अर्धे शतक लागले.

त्यासाठी आणीबाणीचा धडा घ्यावा लागला. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीत विरोधकांची प्रचंड सभा होती. त्या संध्याकाळी लोकांनी घरीच थांबावे म्हणून दूरदर्शनने 'बॉबी' हा लोकप्रिय चित्रपट दाखवल्याचा किस्सा सर्वश्रुत आहे. सभा तरीही भरली. त्यानंतर सत्तेवर आलेल्या जनता सरकारने, लालकृष्ण अडवाणी माहिती व नभोवाणी मंत्री असताना, जून १९७७ च्या विधानसभा निवडणुकांच्या वेळी मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी व दूरदर्शनवर वेळ देण्याची प्रथा सुरू केली. परंतु ती कायद्याने बांधलेली नव्हती. सरकारच्या मर्जीवर चालणारी सोय असेच तिचे स्वरूप होते.

निवडणूक आयोगाने १६ जानेवारी १९९८ रोजी यासाठी योजना जाहीर केली आणि २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३९ अ घालून वेळेच्या न्याय्य वाटपाला कायद्याचा आधार देण्यात आला. विधानसभा निवडणुकीत प्रत्येक राष्ट्रीय पक्षाला आणि त्या राज्यातील मान्यताप्राप्त पक्षाला मूळ ४५ मिनिटे सारखी मिळतात. त्यावरची वाढीव वेळ मागील निवडणुकीतील कामगिरीवर ठरते. एका बैठकीत १५ मिनिटांपेक्षा अधिक बोलता येत नाही. समान वाटप आणि कामगिरीनुसार वाटप यांचा हा मेळ बऱ्यापैकी न्याय्य आहे, असे म्हणावे लागेल. अपक्ष आणि नवे पक्ष मात्र त्याच्या बाहेरच राहतात.

खाजगी वाहिन्यांची गोष्ट वेगळी. तिथे मोफत वेळ नव्हता आणि पैसे मोजूनही राजकीय जाहिरात देता येत नव्हती. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतील नियम ७ (३) नुसार धार्मिक वा राजकीय हेतूच्या जाहिरातींना बंदी होती. या बंदीला आव्हान मिळाले ते हैदराबादेतच. जेमिनी टीव्ही या तेलुगू वाहिनीच्या प्रकरणात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २३ मार्च २००४ रोजी ही तरतूद स्थगित केली. वांकिडी तेव्हा आंध्र प्रदेशातच असल्याने ती याच न्यायालयाच्या कक्षेत येत होती. लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका तोंडावर होत्या. बंधन सुटताच वाहिन्यांवर काय सुरू होईल, ही चिंता खरीच होती. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने मधला मार्ग काढला. जाहिरात चालेल, पण आधी तपासून प्रमाणित करून घ्यावी लागेल. नोंदणीकृत पक्षांनी व उमेदवारांनी प्रक्षेपणाच्या तीन दिवस आधी आणि इतरांनी सात दिवस आधी संहितेसह अर्ज करायचा, खर्च सांगायचा, पैसे धनादेश वा धनाकर्षानेच द्यायचे. ही व्यवस्था प्रारंभी १० मे २००४ पर्यंतचीच होती. पुढे तीच कायम झाली आणि २००८ मध्ये खाजगी एफएमसह नभोवाणीच्या जाहिरातीही तिच्याखाली आल्या. महिनाभराच्या सोयीसाठी केलेली तजवीज वीस वर्षांहून अधिक काळ देशभर चालू आहे, ही गोष्ट अभ्यासकांचे लक्ष वेधून घेणारी आहे.

खरी अडचण वेळेच्या वाटपापेक्षा शब्दांच्या तपासणीत दिसते. सरकारी माध्यमांवरील भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. धर्मावर वा समाजावर हल्ला, हिंसेला चिथावणी, न्यायालयाचा अवमान, व्यक्तीचे नाव घेऊन टीका अशा गोष्टी त्यात चालत नाहीत. नियम योग्यच आहेत. पण ते लागू करणारा अधिकारी कोणता शब्द कोणत्या खान्यात टाकतो, यावर सारे अवलंबून असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी यांना 'जमातवादी हुकूमशाही राजवट' आणि 'जुलमी कायदे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द वगळावे लागले; 'दिवाळखोरी' ऐवजी 'अपयश' म्हणावे लागले. त्याच भाषणाच्या हिंदी संहितेत मात्र दोष निघाला नाही, असे त्यांनी म्हटले होते. फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना तर 'मुस्लिम' हा शब्दच काढण्यास सांगण्यात आले. नागरिकत्व कायद्यातील भेदभाव त्या शब्दाशिवाय सांगायचा कसा, हा त्यांचा युक्तिवाद होता. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे बदल सर्वांनाच सुचवले जातात, काही मुख्यमंत्र्यांच्या संहितेतही ते झाले, असे प्रसार भारतीच्या वतीने सांगण्यात आले. हे खरे मानले तरी एखाद्या समाजावर हल्ला करणे आणि त्या समाजाचे नाव घेऊन त्याची तक्रार मांडणे यांतला फरक तपासणाऱ्याला करता आला पाहिजे. नियमाच्या मजकुरात तो फरक आहेच.

भाषेबद्दल मात्र ही योजना मौन पाळते. वेळ पक्षाला आणि राज्याला मोजून दिला जातो. कोणत्या भाषेत बोलायचे ते पक्षाने ठरवायचे. २०२३ पासून वेळेच्या पावत्या डिजिटल स्वरूपात मिळू लागल्या आहेत, त्यांचे हिशेब नेटके झाले आहेत. आसिफाबाद हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे आणि वांकिडी त्यातच येते. तिथल्या गोंडी वा मराठी बोलणाऱ्या मतदारापर्यंत ती ४५ मिनिटे कोणत्या भाषेत पोहोचावीत, याची नोंद त्या पावतीवर असत नाही.