अग्निसुरक्षा यंत्रणा : वॉरंटी आणि देखभाल करार
धर्मग्रामे, शाळा व वसतिगृहे यांच्यासाठी मार्गदर्शन



दि. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली आणि १९१५ मध्ये रसिकांसाठी खुली झालेली ही वास्तू काही तासांत होरपळून निघाली. ज्यांचे नाव तिला दिलेले आहे त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. त्या रात्री प्राणहानी झाली नाही, ही देवाची कृपा. दि. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली, तेव्हा मात्र दहा बालकांना आपण गमावून बसलो.

या घटनांनंतर अनेक संस्थांनी अग्निसुरक्षेची उपकरणे बसविली. ख्रिस्तमंदिरे, शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांतही लाल रंगाचे सिलिंडर, धोक्याच्या घंटा आणि पाण्याचे नळ दिसू लागले. परंतु उपकरण भिंतीवर असणे आणि ते ऐनवेळी चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘वॉरंटी आहे, मग काळजी कशाची?’ हा प्रश्न धर्मग्राम परिषदेच्या सभांतून आमच्या कानांवर वारंवार येतो. म्हणून वॉरंटी कोठे संपते आणि देखभाल कोठे सुरू होते, याची माहिती येथे एकत्र देत आहोत.

वॉरंटी म्हणजे काय आणि काय नव्हे

वॉरंटी ही उत्पादकाने किंवा पुरवठादाराने दिलेली मर्यादित हमी असते. ठरलेल्या मुदतीत उपकरणात निर्मितीचा अथवा जोडणीचा दोष आढळला, तर तो दुरुस्त करून किंवा भाग बदलून देऊ, एवढेच तिचे वचन असते. उपकरण सदैव सज्ज राहील, असे ती म्हणत नाही. सिलिंडरमधील दाब उतरला, पंपाची बॅटरी मेली, उंदराने वायर कुरतडली, तर बहुधा वॉरंटी लागू होत नाही.

मुदतीचे कलम विशेष बारकाईने वाचावे. ‘यंत्रणा कार्यान्वित झाल्यापासून १२ महिने किंवा माल पाठविल्यापासून १८ महिने, यांपैकी जे आधी’ अशी शब्दरचना पुष्कळदा आढळते. शाळेच्या नव्या इमारतीचे काम रेंगाळले, पंप दीड वर्ष वेष्टनातच राहिले, तर एकदाही न चालता त्यांची वॉरंटी संपते. म्हणून मुदत यंत्रणेच्या यशस्वी चाचणीच्या तारखेपासून मोजावी, असा आग्रह खरेदीपूर्वीच धरावा आणि चाचणीच्या अहवालावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात.

वॉरंटी रद्द करणारी कलमेही असतात. अनधिकृत व्यक्तीने उपकरण उघडणे, विजेच्या दाबातील चढउतार, नियमित देखभालीचा अभाव आणि नैसर्गिक आपत्ती ही त्यांतील नेहमीची कारणे होत. याचा अर्थ असा की, देखभाल न केल्यास पुष्कळदा वॉरंटीही हातची जाते.

कायदा कोणाला जबाबदार धरतो?

आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो, त्यांच्या मालकावर किंवा भोगवटादारावर उपाययोजना करण्याची आणि त्या सर्वकाळ सुस्थितीत व कार्यक्षम ठेवण्याची जबाबदारी आहे. पुरवठादाराशी करार केला म्हणून ही जबाबदारी त्याच्या खांद्यावर जात नाही.

ही कामे राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांकडून परवाना मिळालेल्या एजन्सीकडूनच करून घ्यावी लागतात. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. त्यालाच ‘फॉर्म बी’ म्हणतात. प्रत्यक्ष देखभाल न करता असे प्रमाणपत्र देण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून ‘आम्ही कागद करून देतो, येण्याची गरज नाही’ असे कोणी सुचविले, तर ती सवलत समजू नये. ज्या वसतिगृहात ऐंशी मुले झोपतात, तेथे खोटा कागद कोणाचेही रक्षण करीत नाही.

आपल्या वास्तूला नेमक्या कोणत्या उपाययोजना लागू आहेत, याची लेखी विचारणा स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यांकडे करावी. कोल्हापूर शहरात त्यासाठी महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाशी संपर्क साधावा.

देखभाल कराराचे दोन प्रकार

वार्षिक देखभाल कराराला बाजारात ‘ए.एम.सी.’ म्हणतात. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात केवळ तपासणी आणि मजुरी यांचा समावेश असतो. सुटे भाग, बॅटरी, सिलिंडरमधील पावडर किंवा वायू यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. दुसऱ्या, सर्वसमावेशक म्हणविल्या जाणाऱ्या करारात सुटे भागही धरलेले असतात. मात्र ‘सर्वसमावेशक’ या शब्दावर विसंबू नये. त्यातूनही काय वगळले आहे, याची यादी मागावी. पहिला करार स्वस्त वाटतो; परंतु यंत्रणा जुनी असल्यास वर्षअखेरीस तोच महाग पडू शकतो.

करारात कोणती कलमे असावीत?

१. उपकरणांची यादी : प्रत्येक सिलिंडर, डिटेक्टर, पंप व नळ यांचा क्रमांक, प्रकार आणि जागा. यादीत नसलेल्या उपकरणाची तपासणी होत नाही.

२. भेटींची संख्या : वर्षात किती भेटी, कोणत्या महिन्यांत आणि प्रत्येक भेटीत कोणकोणत्या चाचण्या, हे स्पष्ट लिहावे.

३. प्रतिसादाची वेळ : तक्रार नोंदविल्यापासून किती तासांत तंत्रज्ञ येईल? मुख्य पंप किंवा घंटेचे नियंत्रण यंत्र बंद पडल्यास ही वेळ कमी असावी.

४. पर्यायी उपकरण : सिलिंडर भरण्यासाठी नेल्यास त्याच वेळी दुसरा भरलेला सिलिंडर त्या जागी ठेवण्याची अट घालावी. रिकामा खिळा आग विझवीत नाही.

५. सुट्या भागांचे दर : वर्षभरासाठीची दरसूची कराराला जोडावी आणि कर त्यात धरला आहे की नाही, हे नमूद करावे.

६. प्रमाणपत्र : ‘फॉर्म बी’ प्रत्यक्ष चाचणीनंतरच द्यावा, चाचणीचे निष्कर्ष त्यासोबत जोडावेत आणि चाचणीच्या वेळी संस्थेचा प्रतिनिधी हजर असावा.

७. रक्कम देण्याची पद्धत : संपूर्ण रक्कम आगाऊ न देता प्रत्येक भेटीचा अहवाल मिळाल्यावर हप्त्याने द्यावी.

८. दायित्व व न्यायक्षेत्र : एजन्सीचे दायित्व बहुधा कराराच्या रकमेपुरतेच मर्यादित केलेले असते, म्हणून इमारतीचा विमा स्वतंत्रपणे उतरवावा. वाद उद्भवल्यास दूरच्या शहरात हेलपाटे घालावे लागू नयेत, यासाठी न्यायक्षेत्र कोल्हापूर असावे.

आपण स्वतः काय पाहावे?

एजन्सीच्या दोन भेटींच्या दरम्यान काही गोष्टी आपणच पाहायच्या असतात. महिन्यातून एकदा प्रत्येक सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन आणि सील शाबूत आहे ना, नळी फुटलेली नाही ना, हे पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सहसा दाबमापक नसतो. त्याचे वजन करावे लागते आणि वायूचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटल्यास तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. सिलिंडर क्षणभर जरी वापरला, तरी तो भरल्यावाचून परत टांगू नये. सिलिंडरच्या कवचाची दाबचाचणीही ठरावीक वर्षांनी करावी लागते. तिची तारीख त्यावर नोंदविलेली असावी.

पंप आठवड्यातून एकदा चालवून पाहावा. डिझेल, बॅटरी आणि टाकीतील पाणी तपासावे. सणापूर्वीच्या रंगकामात स्प्रिंकलर आणि डिटेक्टर यांच्यावर रंग चढणार नाही, याची दक्षता घ्यावी. रंग बसलेला स्प्रिंकलर बदलावाच लागतो. नाताळच्या दिवसांत गोठ्यातील गवत, दिव्यांच्या माळा आणि मेणबत्त्या एकमेकांजवळ येतात. अशा वेळी गोठ्याच्या सजावटीमागे सिलिंडर झाकला जाऊ नये.

पाऊस आणि पूर

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी कोल्हापुरातील अनेक इमारतींत शिरले. पंप तळघरात असेल, तर पुरात तो निकामी होतो आणि नैसर्गिक आपत्तीच्या कलमामुळे वॉरंटीचा उपयोग होत नाही. नव्या बांधकामात पंपघर पूररेषेच्या वर असावे. जुन्या इमारतींत पूर ओसरल्यानंतर यंत्रणेची विशेष तपासणी करण्याचे कलम देखभाल करारात घालून घ्यावे. आपल्याकडील दीर्घ पावसाळ्यात दमट हवेने विजेच्या जोडण्या गंजतात. जुलैची तपासणी म्हणूनच मनापासून करून घ्यावी.

माणसांचे प्रशिक्षण

दि. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराला आग लागली. तेथील यंत्रणेने धोक्याची सूचना दिली होती. परंतु सूचनेचा अर्थ लावण्यात गफलत झाली आणि मुख्य छताऐवजी सॅक्रिस्टीच्या माळ्यावर शोध घेतला गेला. सुमारे अर्धा तास हातचा गेला आणि शतकानुशतकांचे लाकडी छप्पर जळून गेले. यास्तव सॅक्रिस्टन, पहारेकरी, वसतिगृहाच्या धर्मभगिनी आणि शिक्षक यांना घंटेचे संकेत समजावून देण्याची व सिलिंडर चालवून दाखविण्याची जबाबदारीही करारात लिहावी. मुंबई गोदीत १९४४ मध्ये झालेल्या स्फोटात प्राणार्पण केलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. वर्षातील एक सराव त्या सप्ताहात ठेवता येईल. मात्र शाळांनी परीक्षांचे वेळापत्रक पाहून सोयीचा दिवस ठरवावा.

आपले कर्तव्य

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधान संहितेतील १२८४ वे कलम सांगते की, मंडळीच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी दक्ष गृहस्थाप्रमाणे वागावे, ती नष्ट होऊ नये म्हणून काळजी घ्यावी आणि आवश्यक तेथे विमा उतरवावा. ही मालमत्ता श्रद्धावंतांच्या घामाच्या दानातून उभी राहिली आहे. आणि मालमत्तेहूनही मोलाचे आहेत ते तिच्यात वावरणारे जीव. प्रभू येशूच्या दाखल्यातील दहाही कुमारींपाशी दिवे होते; तेल मात्र पाचजणींनीच जवळ ठेवले होते.

धर्मग्राम परिषदांना आमची विनंती आहे की, येत्या सभेत आपला देखभाल करार, वॉरंटीची कागदपत्रे आणि अखेरचा ‘फॉर्म बी’ टेबलावर ठेवून वाचावा, यादीबरहुकूम प्रत्येक उपकरण पाहून यावे आणि जेथे उणीव आढळेल तेथे दुरुस्तीची तारीख इतिवृत्तात नोंदवावी. आगीच्या प्रसंगी १०१ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि सर्वप्रथम माणसांना बाहेर काढावे.

प्रभू आपणां सर्वांचे रक्षण करो.

– संपादक