कमठा कशाचा, हात कुणाचे?

धनुष्य म्हटलं की आपल्याला रामायणातलं शिवधनुष्य आठवतं, नाहीतर मुलांच्या हातातला कामटीचा तीरकमठा. आज आम्ही सांगणार आहोत ते जगातल्या निरनिराळ्या लोकांनी शिकारीसाठी आणि लढाईसाठी बनवलेल्या धनुष्यांबद्दल.

आधी एक करून बघा. झाडाचा ओला फोक घ्या आणि हळूहळू वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. फार वाकवला तर तो बाहेरून तडकतो. धनुष्य करणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न होता. ताणही सोसेल आणि दाबही सोसेल असं आपल्या आसपास काय मिळतं?

युरोपात त्याचं उत्तर होतं यू नावाचं झाड. त्याचा लालसर गाभा दाब सोसतो आणि सालीलगतचं पांढरट लाकूड ताण सोसतं. दोन्ही गुण एकाच ओंडक्यात! १९९१ साली आल्प्स पर्वताच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ १.८२ मीटर लांबीचं, अर्धवट घडवलेलं यूचं धनुष्य होतं. पुढे इंग्लंडच्या तिरंदाजांनीही अशीच पुरुषभर उंचीची धनुष्यं वापरली. १४१५ साली फ्रान्समध्ये अ‍ॅजिनकोर्टची लढाई त्यांनी याच धनुष्यांच्या जोरावर गाजवली.

मध्य आशियातल्या गवताळ मुलखात झाडं कमी, जनावरं मात्र भरपूर. तिथल्या लोकांनी लाकडाची पातळ पट्टी घेतली. धरणाऱ्याकडच्या बाजूला शिंग चिकटवलं, कारण शिंग दाब सोसतं. दुसऱ्या बाजूला जनावरांच्या पायातल्या चिवट शिरा कुटून, त्यांचे धागे सरसात भिजवून बसवले, कारण त्या ताण सोसतात. असं धनुष्य आखूड असूनही जोरदार. म्हणून घोड्यावर बसून डावीउजवीकडे बाण सोडता येई. पण ते वाळायलाच कित्येक महिने लागत आणि सरसाला ओल मुळीच सोसत नसे. हीच पद्धत मोगलांबरोबर आपल्याकडेही होती. शिवाय हिंदुस्थानात काही धनुष्यं पोलादाची घडवली गेली. ती शस्त्रागारात वर्षानुवर्षं ठेवली तरी दमटपणानं उकलत नसत.

उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांकडे तर झाडंच नाहीत. समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूड किंवा सांबरासारख्या कॅरिबू प्राण्याचं शिंग, जे मिळेल त्याचं धनुष्य करायचं. ते मोडू नये म्हणून शिरांची वळलेली दोरी त्याच्या पाठीवर घट्ट बांधायची. जपानात बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या जोडून दोन मीटरहून उंच धनुष्य करतात. ते मधोमध धरत नाहीत, मधल्या भागाच्या बरंच खाली धरतात. आजही तिथं पुरुषांच्या बरोबरीनं बायका त्याचा सराव करतात. आणि आपल्या सातपुड्यातला भिल्लांचा कमठा? तो बांबूचा, आणि त्याची दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूच्याच चिवट कामटीची. बाहेरून काहीच आणायला नको.

म्हणजे माल ज्याच्या त्याच्या दारातच होता. पण नुसत्या मालाचं धनुष्य होत नाही. कुठली फांदी घ्यायची, कुठे किती तासायचं, सरस किती पातळ करायचा, हे सगळं हातांना ठाऊक असतं. ते हात थांबले की काय होतं, हेही ऐका.

इंग्लंडात बंदुका आल्या आणि युद्धातली धनुष्यं मागे पडली. हजारोंनी बनलेल्या त्या धनुष्यांतली फारच थोडी उरली. ती ओढायला किती जोर लागे यावर पुढे जाणकार वाद घालत बसले. मग १९८२ साली ‘मेरी रोझ’ नावाचं जहाज समुद्रातून वर काढलं. ते १५४५ साली बुडालं होतं. त्या जहाजावरची १३० हून जास्त धनुष्यं हाती लागली, तेव्हा कळलं की त्यांतली बरीचशी ओढायला ४५ किलोहून जास्त जोर लागत असणार. आपली सिमेंटची गोणी ५० किलोची असते, त्यावरून अंदाज करा. ज्या देशानं ही धनुष्यं बनवली, त्यालाच ती समुद्राच्या तळातून शोधून समजून घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट तर आपल्या जातीची, बाईच्या जातीची. काळ्या समुद्राच्या उत्तरेला अडीच हजार वर्षांपूर्वी स्कायथियन लोक राहत. त्यांच्या थडग्यांत बाण सापडले की पूर्वीचे संशोधक म्हणत, हा पुरुष योद्धा. पुढे हाडं नीट तपासली, तेव्हा त्यांतल्या कित्येक बायका निघाल्या. त्या बाण चालवत होत्या, पण ते कुणी मानलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही असे हात आहेत. कुठल्या महिन्यात बांबू तोडला की त्याला भुंगा लागत नाही, सुपाची वीण कुठून धरायची, कणगी कशी लिंपायची, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. गटाच्या वहीत आपण बचतीचा पैसा न् पैसा लिहितो. त्याच वहीची शेवटची चार पानं कोरी ठेवा. पुढच्या बैठकीला एका आजीला बोलवा, तिला बोलू द्या, आणि जिला लिहिता येतं तिनं ते लिहून घ्या. खाली आजीचं नावही घाला.