सशांच्या कानातील खरूज
‘सोरॉप्टिस क्युनिक्युली’ या अष्टपाद माइटमुळे होणारा संसर्गजन्य रोग. माइट अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा असून जीवनचक्र सुमारे 3 आठवड्यांचे असते. ससा डोके झटकतो, कान खाजवतो. कानात थरावर थर चढून तपकिरी खपली धरते. संसर्ग आतल्या कानापर्यंत गेल्यास मान कलते. खपलीचा कण तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निदान पक्के होते. मेंढ्यांच्या खरजेचा माइट याच प्रजातीतला, असे अनेक संशोधक मानतात.

पशुवैद्य सशाचे वजन करून आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन 10 ते 14 दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा देतात किंवा मानेवर सेलामेक्टिनचे थेंब टाकतात. खपली ओढून काढणे क्रूरपणाचे आहे: खालची त्वचा सोलवटते, ससा वेदनेने तडफडतो. उपचारानंतर खपली आपोआप गळते. कुत्र्यांसाठीचे फिप्रोनिल सशाला कधीही लावू नये, ते जिवावर बेतते. माइट सशाविनाही काही दिवस तग धरत असल्याने सोबतच्या सर्व सशांवर उपचार करावेत, अंथरूण बदलावे आणि पिंजरा धुऊन उन्हात वाळवावा.