मुंबईत सहा, कलकत्त्यात सात

कलकत्त्यात सूर्य मुंबईपेक्षा तासभर आधी उगवतो, हे आपण शाळेत शिकतो. एक रेखांश म्हणजे चार मिनिटं, आणि या दोन शहरांत साडेपंधरा रेखांशांचं अंतर आहे. गणित करा, बासष्ट मिनिटं येतात. एकेकाळी या दोन शहरांच्या घड्याळांतही तेवढाच फरक असायचा. मुंबईत सहा वाजले की कलकत्त्यात सात वाजून दोन मिनिटं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण एका शहरातून दुसऱ्यात पोचायलाच कित्येक दिवस लागायचे.

पंचाईत केली ती आगगाडीनं. १८७० साली जबलपूरला दोन कंपन्यांचे रूळ जुळले आणि मुंबई–कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. मग वेळापत्रक कुणाच्या घड्याळानं छापायचं? तोडगा निघाला मद्रासचा. तिथे वेधशाळा होती, शिवाय मद्रासची वेळ दोघांच्या साधारण मधली. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसननं हीच वेळ मुंबई शहरावर लादून पाहिली. एवढी ओरड झाली की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली. इथे दोन शहरांचं नशीब उलटं आहे, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. कलकत्त्याला घड्याळ सुमारे तेवीस मिनिटं मागे घ्यायचं होतं, मुंबईला एकोणचाळीस मिनिटं पुढे. म्हणजे भोंगा सहालाच वाजणार, पण सूर्याच्या हिशेबानं ते ५ वाजून २१ मिनिटं! चाळीत राहणाऱ्या कामगाराची एकोणचाळीस मिनिटांची झोप गेली. त्यात गिरण्यांमध्ये नुकतीच विजेची बत्ती येत होती, म्हणजे संध्याकाळही लांबत चाललेली. ५ जानेवारीला हजारो गिरणी कामगारांनी नव्या वेळेनं काम करायला नकार दिला, दंगा झाला. याला ‘मुंबईकरांचा हट्ट’ म्हणून हसण्यावारी नेणारे लेख मी बरेच वाचलेत. मला ते पटत नाही. पहाटे कुणाला उठायचंय, हे आधी विचारावं.

अर्थात नगरपालिकेतले पुढारी काही झोपेसाठी भांडत नव्हते. फिरोजशहा मेहतांच्या मुंबईत निवडून आलेले सभासद होते, व्यापाऱ्यांचा पैसा होता, आणि ‘आम्हाला न विचारता आमचं घड्याळ कसं फिरवता?’ हा प्रश्न होता. कलकत्ता तेव्हा राजधानी. तिथे १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झालेली, राग त्यावर एकवटलेला. पण कलकत्त्यानंही आपली वेळ पटकन सोडली नाही हं, थेट १९४८ पर्यंत धरून ठेवली. मुंबईनं त्याहून काही वर्षं जास्त.

मधल्या चाळीसेक वर्षांत माणसं दोन्ही वेळा सांभाळत जगली. गाडी, तार, टपाल ‘स्टँडर्ड टाइम’नं आणि नगरपालिका ‘बाँबे टाइम’नं. जुन्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ छापलेलं दिसलं तर ते उगाच नाही. नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर पोचायचं!

आता घड्याळ एकच आहे, सूर्य मात्र जुन्याच हिशेबानं चालतो. डिसेंबरात कोलकात्यात पाचच्या आत सूर्य बुडतो. मुंबईत तेव्हा सहा वाजेपर्यंत उजेड असतो.