वाढत राहणारा मेंदू : उभयचरांची दुर्लक्षित साक्ष

जन्माच्या सुमारास मेंदूत जितक्या चेतापेशी असतात, तितक्याच आयुष्यभर पुरवायच्या. त्यांत घट होईल, भर पडणार नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या हे वाक्य सिद्धान्त म्हणून शिकल्या. त्याचा उगम सांतियागो रामोन इ काहाल या थोर स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या १९१३-१४ च्या ग्रंथात शोधला जातो. काहाल यांनी स्वतः हा प्रश्न भावी विज्ञानासाठी काहीसा खुला ठेवला होता. तो बंद केला तो त्यांच्या अनुयायांनी.

काहाल यांच्या साधनांची मर्यादा येथे लक्षात घ्यायला हवी. रंगद्रव्याने रंगवलेला मेंदूचा काप म्हणजे एका क्षणाचे स्थिरचित्र. पेशीचा जन्म ही मात्र काळात घडणारी घटना आहे. समोरची पेशी काल जन्मली की वीस वर्षांपूर्वी, हे त्या चित्रावरून कळणे शक्य नव्हते. पेशीवर तिच्या जन्माची तारीख उमटवणारे काहीतरी हवे होते.

ते भौतिकशास्त्राने पुरवले. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची प्रत तयार करते आणि त्यासाठी थायमिडिन हा घटक वापरते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या थायमिडिनमध्ये ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, बसवण्यात आला. ट्रिटियममधून निघणारे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात, की छायाचित्रणाच्या लेपात ते जेमतेम मायक्रोमीटरभर जातात. हाच दुबळेपणा कामी आला. लेपावर उमटलेले चांदीचे काळे कण नेमके त्याच पेशीकेंद्रावर दिसतात, शेजारच्या पेशीवर नाही. इंजेक्शन दिल्यानंतरच्या काही तासांत विभाजनाची तयारी करणाऱ्या पेशींवर अशी खूण कायमची राहते.

१९७० च्या दशकात आर. एम. गेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र झेनोपस या आफ्रिकी बेडकावर वापरले, तेव्हा वाढत्या प्राण्यात एक विलक्षण दृश्य दिसले. डोळ्यातील दृष्टिपटल झाडाच्या खोडासारखे कडेने, वलयावलयाने वाढत होते. मेंदूतील टेक्टम हे दृष्टीचे केंद्र मात्र मुख्यतः मागच्या टोकाला वाढत होते. दोन्हींच्या वाढीचा आकार जुळत नाही. तरीही बेडकाची नजर माशीवर अचूक बसते, याचा अर्थ जुन्या जोडण्यांना सतत सरकत राहावे लागते. नवी पेशी येते, आणि चालू यंत्रणा न थांबता तिला जागा करून देते.

सस्तन प्राण्यांतील पुरावा याआधीच पुढे आला होता. एमआयटीत जोसेफ अल्टमन यांनी १९६२ मध्ये, आणि गोपाल दास यांच्यासह १९६५ मध्ये, उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत असल्याचे याच तंत्राने दाखवले. या कामाची दखल फारशी घेतली गेली नाही. खूण झालेल्या पेशी चेतापेशी नसून आधारपेशी असतील, हा आक्षेप शास्त्रीय होता. पण बेडूक, मासे आणि पुढे १९८० च्या दशकात फर्नांडो नॉटबोम यांचे कॅनरी पक्षी यांच्याबाबतीत वेगळीच पळवाट निघाली : ते ‘खालच्या’ पायरीवरचे प्राणी, त्यांचे नियम वेगळे. प्रतिकूल पुराव्याला खोटे ठरवण्याची गरजच उरली नाही. त्याला अपवाद म्हटले की काम भागत असे.

या सोयीची किंमत मोठी होती. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील आंद्रास सायमन यांच्या गटाने २००७ मध्ये न्यूटच्या मध्यमेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी रसायनाने नष्ट केल्या. याच पेशी माणसात मेल्या की पार्किन्सन्सचा आजार होतो. न्यूटमध्ये त्या सुमारे महिनाभरात पुन्हा तयार झाल्या आणि प्राण्याची हालचालही सुधारली. पुढे दिसले, की मेंदूतील पोकळ्यांच्या अस्तरात असलेल्या पेशी यामागे आहेत. अग्रमेंदूत त्या एरवीही विभागत असतात, मध्यमेंदूत मात्र शांत असतात आणि इजा झाली की जाग्या होतात.

तरीही उभयचरांकडे चमत्कार म्हणून पाहणे योग्य नाही. ॲक्सोलोटलच्या अग्रमेंदूचा भाग काढल्यावर तेथे वेगवेगळ्या प्रकारच्या चेतापेशी पुन्हा येतात. परंतु दूरवरच्या मूळ जोडण्या पूर्णपणे परतत नाहीत, असे २०१६ मध्ये दिसून आले. पेशी मिळणे आणि मंडल पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचारांची आशा बाळगणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

माणसाचे काय? २०१३ मध्ये संशोधकांनी पुन्हा भौतिकशास्त्राकडे धाव घेतली. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन-१४ १९६३ नंतर घटत गेला, आणि पेशीच्या डीएनएत तिच्या जन्मवर्षीचे प्रमाण नोंदले गेले. त्यावरून प्रौढ माणसाच्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी तयार होतात, असा अंदाज निघाला. २०१८ मध्ये दोन गटांनी मेंदूच्या ऊतींवरून परस्परविरुद्ध निष्कर्ष मांडले, आणि वाद पुन्हा पेटला.

भारतातही या प्रश्नावर काम होत आले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी ताण आणि नैराश्यावरील औषधे यांचा प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशीनिर्मितीवर होणारा परिणाम अभ्यासला आहे. शेपटीचे उभयचर मात्र आपल्याकडे पूर्व हिमालय आणि ईशान्य भारतातच आढळतात. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरी अभयारण्यात हिमालयीन सॅलमँडरचे रक्षण होते. एखादे ओलसर तळे बुजते, तेव्हा केवळ एक प्राणी कमी होत नाही. आपण अजून न विचारलेल्या प्रश्नांचा साक्षीदारही जातो.

विद्यार्थ्यांनी या इतिहासातून एक सवय उचलावी. पाठ्यपुस्तकात ‘अमुक प्राण्यांचा अपवाद वगळता’ असे शब्द भेटले, की तेथे थांबावे आणि तो अपवाद आधी वाचावा.