भुसावळ जंक्शन रेल्वे स्थानक

भुसावळ जंक्शन हे महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यातील भुसावळ शहरातील रेल्वे स्थानक असून मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाचे मुख्यालय येथे आहे. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा वरणगाव, बोदवड, मलकापूरमार्गे नागपूरकडे, तर दुसरा तापी नदी ओलांडून सावदा, रावेर, बुऱ्हाणपूरमार्गे खंडवा व इटारसीकडे जातो. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) हे तालुक्याचे गाव या दोन फाट्यांच्या मधल्या प्रदेशात आहे. त्यामुळे तेथील प्रवासी व संत मुक्ताईच्या दर्शनास येणारे अनेक भाविक भुसावळ येथे उतरून पुढे रस्त्याने जातात.

इतिहास

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६० च्या दशकात थळ घाट ओलांडून खानदेशात लोहमार्ग आणला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासू लागली होती व वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात पोहोचवणे हा नागपूर शाखेचा एक प्रमुख हेतू होता. ही शाखा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडणी होऊन मुंबई–कोलकाता असा सलग लोहमार्ग सुरू झाला. १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर–आसनसोल मार्ग पूर्ण झाल्यावर भुसावळचे दोन्ही फाटे कोलकात्याशी जोडले गेले.

रेल्वेपूर्वी भुसावळ हे लहानसे खेडे होते. इंजिनांच्या देखभालीचे कारखाने व कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्याने त्याचे शहरात रूपांतर झाले. १९५१ मध्ये हे स्थानक नव्याने स्थापन झालेल्या मध्य रेल्वेत समाविष्ट झाले.

विद्युतीकरण

इगतपुरी–भुसावळ मार्गाचे विद्युतीकरण १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाले. पुढील सुमारे दोन दशके विद्युत मार्ग येथेच संपत असल्याने पुढे जाणाऱ्या गाड्यांची इंजिने भुसावळला बदलावी लागत. पूर्वेकडील मार्गांचे विद्युतीकरण झाल्यावर ही गरज उरली नाही. मात्र विद्युत इंजिनांचे कार्यशेड व रेल्वे कर्मचाऱ्यांची प्रशिक्षण संस्था येथे कार्यरत आहे.

मालवाहतूक

भुसावळ विभागातील सावदा व रावेर स्थानकांतून खानदेशातील केळी रेल्वेने दिल्लीकडे पाठवली जातात. ७ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेल्या देवळाली–दानापूर या देशातील पहिल्या किसान रेल्वेलाही भुसावळ येथे थांबा देण्यात आला होता.