दहा वर्षांची वर्गणी

स्नेहमेळाव्याच्या समितीने माझ्याकडे दोन कामं दिली. एक, शाळेसाठी जमणाऱ्या निधीचा हिशेब ठेवायचा. ‘तू कॉम्प्युटरवाली, एक्सेल तुझ्याकडे,’ एवढ्या युक्तिवादावर ठराव पास झाला. दुसरं, या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहायचं, तेही शक्यतो इतिहासावर, कारण दहावीला इतिहासात मला बरे मार्क होते हे कुणाच्या तरी लक्षात होतं. दुसऱ्या कामाला विषय सुचत नव्हता. तो पहिल्या कामानेच दिला.

आपला निधी कशासाठी आहे हे तुम्हाला माहीत आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत संध्याकाळी वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या मुलींसाठी अभ्यासवर्ग. पहिल्या गोष्टीला सगळ्यांचा होकार होता. दुसरीला नव्हता. मोठी रक्कम देऊ करणाऱ्या आपल्याच एका मित्राने कळवलं की पैसे शाळेच्या मुलांसाठीच वापरा, बाहेरच्यांसाठी नकोत. मी आवाहनाचा मसुदा लिहायला बसले आणि दोन्ही बाजू सांभाळणारा शब्द शोधून काढला: ‘शैक्षणिक विकासासाठी’. मसुदा बाईंना वाचून दाखवला. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “ह्यात ऊसतोडीच्या मुली आहेत की नाहीत?” मला उत्तर देता येईना. मग त्या म्हणाल्या, “तुम्हाला सातवीत केडगावला नेलं होतं. तिथलं काही आठवतं का?”

मला आठवत होतं ते एवढंच: मुक्ती मिशनचं ते भलंमोठं दगडी चर्च, आत शिरल्यावर आपला आवाज घुमला म्हणून आपण मुद्दाम केलेली आरडाओरड, आणि परतीच्या शटलमध्ये वाटून खाल्लेली बोरं. ते चर्च कुणाच्या पैशातून उभं राहिलं हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. आता खजिनदार झाल्यावर पडला, आणि गेले चार महिने शनिवार-रविवार त्यातच गेले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचली ती विदुषीची आणि समाजसुधारकाची. निधी उभारणारी बाई म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहायला शिकवलं नाही. वास्तविक या कामात त्यांची तयारी विलक्षण होती. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि तिच्या विक्रीतून पुढच्या वर्षी इंग्लंडला जाण्याच्या खर्चाची तरतूद केली. पती आदल्याच वर्षी वारलेले, बरोबर लहानगी मनोरमा. इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तिथल्या भगिनींशी धर्ममतांवरून त्यांचा पत्रव्यवहार चांगलाच तापत असे. दुसऱ्याने सांगितलं म्हणून मान डोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तो दिवस ११ मार्चचा. काही आठवड्यांचा म्हणून केलेला हा प्रवास अडीच वर्षांहून अधिक लांबला. १८८७ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ तिथेच प्रसिद्ध झालं. महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मी हे पुस्तक या वेळी पहिल्यांदा वाचलं. बालविधवांच्या हालअपेष्टा त्यात आहेत, त्या ऐकून माहीत होत्या. मला थांबवलं ते मांडणीने. आधी परिस्थिती, मग खानेसुमारीतले आकडे, आणि शेवटच्या प्रकरणात थेट मागणी: काय उभं करायचं आहे, तिथे कोण राहील, कोण शिकवील. कंपनीत नवा प्रकल्प मंजूर करून घ्यायला आम्ही जो कागद तयार करतो त्याचा क्रम याहून वेगळा नसतो. फक्त आमचा कागद कुणी विकत घेत नाही. रमाबाईंच्या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या आणि त्याचा नफाही कामालाच लागला.

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स होते, दारूबंदी चळवळीच्या फ्रान्सेस विलर्ड होत्या. एरवी एकमेकांच्या चर्चची पायरी चढायला नाखूश असणारे लोक एका कागदावर सह्या करत होते. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदांनी दहा वर्षं दरवर्षी वर्गणी द्यायची, असं वचन घेतलं गेलं. एकदाच मोठी देणगी घेण्याऐवजी अनेकांकडून थोडं थोडं, पण ठरावीक मुदतीपर्यंत. भिशी चालवणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना यातलं शहाणपण समजावून सांगावं लागलं नसतं.

आता त्या कागदातली अट. शाळा कुठल्याही पंथाची नसेल. तिथे धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, मुलींना आपापले सोवळ्या-ओवळ्याचे आचार पाळायची मोकळीक राहील. या अटीवर बॉस्टनचे वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र आले आणि याच अटीवर इकडच्या सनातनी घरांतून मुली येऊ शकणार होत्या. एकाच शब्दाने दोन खंड सांभाळायचे होते.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. हा विवाहही ११ मार्चचाच, १८९३ चा. (या तारखेत काही गूढ नाही, पण माझ्यासारखीला एका कॉलममध्ये तीनदा एकच तारीख दिसली की नोंद चुकली असं वाटतं. तीनदा तपासली.) १८९० मध्ये सदन पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती.

भडका उडाला तो १८९३ मध्ये. रमाबाई मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही, येणाऱ्याला हाकलतही नाही. घरात आई प्रार्थना करते तेव्हा ती दाराला कडी लावते का? सल्लागारांचं म्हणणं असं, की आश्रित विधवांच्या घरात चालकबाईंचं उघडं दार म्हणजे आमंत्रणच. ‘केसरी’ने सदनावर आधीपासूनच टीका चालवली होती, आता तिला धार आली. सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेलं.

मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या. रमाबाईंनी अट मोडली असं मला वाटत नाही. पण रानड्यांची फसवणूक झाल्याची भावनाही खोटी म्हणवत नाही. ‘धर्म शिकवणार नाही’ याचा अर्थ बॉस्टनच्या मंडळींनी एक घेतला, पुण्याच्या मंडळींनी दुसरा, आणि खुद्द रमाबाईंच्या मनात तिसरा होता. जिच्या श्रद्धेवर सगळं काम उभं होतं तिने ती श्रद्धा किती आवाजात पाळायची, हे कागदात कुठेच नव्हतं. आमच्या धंद्यात याला संदिग्ध रिक्वायरमेंट म्हणतात. सही करताना सगळे खूश असतात आणि तीन वर्षांनी एकमेकांचे ईमेल शोधत बसतात.

बॉस्टनने रमाबाईंची पाठ सोडली नाही. पण त्या पुढचा हिशेब करू लागल्या होत्या. दहा वर्षं संपली की वर्गणी थांबणार. म्हणून त्यांनी पुण्यापासून पन्नासएक किलोमीटरवर, केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत. बेत चांगला होता, झाडं मोठी होण्याआधी दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. स्वतःचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच गेलेले, त्यामुळे त्यांना ते पाहवलं नसेल. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले, मुलींना शहरात ठेवता येईना. बागेसाठी घेतलेल्या माळरानावर तंबू आणि छपरं उभी राहिली. तेच ‘मुक्ती’.

१८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, असोसिएशनची नव्याने घडी बसली. या वेळी मात्र मुक्तीबद्दल कुठलाही दुहेरी अर्थाचा शब्द नव्हता. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. ज्याला पटेल त्याने द्यावं. १८९९ मध्ये चर्चचा पाया घातला गेला. त्यानंतर लगेच गुजरात-राजपुतान्यातला दुष्काळ आला आणि मुक्तीतल्या बायामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतकं मोठं चर्च त्या माळावर कशाला, हे आपण सातवीत विचारलं होतं. त्याचं उत्तर या आकड्यात आहे. त्याच आवारात विणकाम, छापखाना, शेती होती, आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन होतं, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचं पत्रक देशोदेशीच्या हितचिंतकांकडे जाई आणि इथली खबरबात कळवी.

१९०७ च्या एका इंग्रजी पुस्तिकेत रमाबाई सांगतात की आमचं कुठे बँकेत खातं नाही, कायमचा निधी नाही, रोजचं रोज मिळतं आणि आम्ही आनंदात आहोत. खजिनदार म्हणून हे वाचताना मला घाम फुटला. दोन हजार माणसांचं रोजचं जेवण, आणि शिल्लक शून्य! मला हे जमणार नाही आणि कुणाला करा म्हणून सांगणारही नाही. दहा वर्षांच्या लेखी वचनाची व्यवस्था ज्या बाईने स्वतः बांधली होती, तिनेच ती मागे टाकली याचं नवल मात्र वाटत राहतं. त्यामागे श्रद्धा होतीच. पण १८९३ चं ते उघडं दारही असावं असं मला वाटतं. ज्या पैशापायी दार लावून घ्यावं लागतं तो त्यांना नको झाला असणार.

मागच्या महिन्यात शटलने केडगावला उतरून एकटीच जाऊन आले. चर्चच्या आत आवाज अजून घुमतो. या वेळी ओरडले नाही, नुसतं खाकरून पाहिलं.

परत येऊन मसुदा बदलला. ‘शैक्षणिक विकासासाठी’ काढून टाकलं आणि लिहिलं: दोन खोल्या, आणि त्यांत रोज संध्याकाळी सहा ते आठ वीटभट्टी व ऊसतोडीच्या वस्तीवरच्या मुलींचा अभ्यास. बाईंनी वाचून मान हलवली आणि एक शुद्धलेखनाची चूक काढली. ज्या मित्राची मोठी रक्कम येणार होती त्याला मी स्वतः फोन केला, सगळं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, “मग माझं नाव यादीतून काढ.” काढलं. बेरीज त्या रात्री एकदम खाली आली आणि मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

आता आपण पाच वर्षांची वर्गणी घेतोय, दरमहा झेपेल तेवढी. आत्तापर्यंत त्रेसष्ट जणांनी होकार कळवला आहे. गेल्या आठवड्यात त्या मित्राचा मेसेज आला, त्यात एकच ओळ होती: ऊसतोडीच्या मुली डिसेंबरात येतात आणि उन्हाळ्याआधी जातात, मग उरलेल्या महिन्यांत वर्गात कोण बसणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर अजून लिहिलेलं नाही. मेळाव्याला बसून लिहू, तोही येणार आहे.